शांत, पण जागे

मनाच्या अस्वस्थतेसाठी मराठीत शब्दांची मुळीच टंचाई नाही. काळजी आहे, चिंता आहे, घोर आहे, धास्ती आहे. हुरहुर वेगळी आणि घालमेल वेगळी. परीक्षेच्या आदल्या रात्री असते ती धाकधूक, आणि अपरात्री दारावर थाप पडली की होते ते धस्स. माझ्या घरात दखनी बोलली जाते. तिथे या साऱ्यांना मिळून एकच शब्द आहे, घबराहट. ती ओसरली की उरतो तो सुकून. पेंग येते, डोळ्यांवर झापड येते, तिला उर्दूत गुनूदगी म्हणतात. सुकून आणि गुनूदगी यांची गल्लत आमच्याकडे अडाणी माणूसही करत नाही. मन निवलेला माणूस जागा असतो, चार शब्द बोलतो, हातातले काम करतो. गुंगीतल्या माणसाला यातले काहीच धड जमत नाही.

भाषेला इतकी स्पष्ट दिसणारी ही गोष्ट औषधांना मात्र शंभर-सव्वाशे वर्षे साधली नाही. घाबरलेल्या माणसाला शांत करायचे म्हणजे त्याला थोडेसे झोपवायचे, असाच व्यवहार चालत आला. शांती आणि झोप एकाच पुडीत बांधून मिळत होत्या. ही गाठ सोडवायचे प्रयत्न अनेकांनी केले. त्यांतला एक प्रयत्न मॉस्कोत झाला. शरीरातल्याच एका इवल्याशा तुकड्याला शेपूट जोडून तिथल्या शास्त्रज्ञांनी नाकात घालायचे थेंब तयार केले. त्या औषधाचे नाव सेलांक. मी काही शास्त्राचा विद्यार्थी नाही, बी. ए. झालेला कवी आहे. पण ही हकिगत मला सांगाविशी वाटते, कारण तिच्यात माणसाच्या एका जुन्या मागणीचा इतिहास आहे.

अफूपासून सुरुवात करू. अफू दुखणे थांबवते, धास्ती घालवते आणि माणसालाही घालवते, हे जगाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. एकोणिसाव्या शतकात ब्रोमाइड आले. १८५७ मध्ये लंडनच्या चार्ल्स लोकॉक या डॉक्टरांनी फेफऱ्यावर पोटॅशियम ब्रोमाइडचा गुण येतो असे सांगितले. मग ते 'नर्व्हस' माणसांनाही मुक्तपणे दिले जाऊ लागले. ब्रोमाइड अंगात साचत जाते. माणूस मंद होतो, बोलणे जड होते. पुढे इंग्रजीत नीरस आणि चावून चोथा झालेल्या बोलण्यालाच 'ब्रोमाइड' म्हणू लागले. औषधाचा गुण भाषेने असा टिपून ठेवला.

यानंतर येतो एमिल फिशर. बर्लिनचा हा थोर रसायनशास्त्रज्ञ, १९०२ च्या नोबेल पारितोषिकाचा मानकरी. आपल्या हकिगतीचे दोन्ही धागे या एकाच माणसाच्या हातातून निघतात. १९०३ मध्ये फिशर आणि त्याचा मित्र योजेफ फॉन मेरिंग यांनी बार्बिटाल हे झोप आणणारे औषध जगापुढे ठेवले. 'व्हेरोनाल' नावाने ते बाजारात आले आणि त्याच्यामागून त्याची भावंडे आली. हीच ती बार्बिट्युरेट्स. अर्धशतकभर झोपेसाठी आणि चिंतेसाठी जगाने तीच घेतली. त्यांची खोट अशी होती की झोपेची मात्रा आणि मरणाची मात्रा यांत फारसे अंतर नव्हते. त्यांची सवयही लागे.

त्याच फिशरने १९०१ मध्ये आणखी एक काम केले होते. ग्लायसिन नावाच्या अमिनो आम्लाचे दोन रेणू त्याने एकमेकांना जोडले. आपल्या शरीरातली सारी प्रथिने ही अमिनो आम्लांच्या लांबलचक माळा असतात. फिशरने त्या माळेतले पहिले दोन मणी प्रयोगशाळेत ओवून दाखवले. अशा छोट्या माळांना 'पेप्टाइड' हे नावही त्यानेच दिले. १९०७ पर्यंत त्याने अठरा मण्यांची माळ ओवली होती. त्याच्या एका हातात झोपेची पुडी होती आणि दुसऱ्या हातात ही माळ. या माळेचा मनाच्या शांतीशी काही संबंध जुळेल, असे तेव्हा कुणाच्या मनातही आले नसेल. हा दुसरा धागा तूर्त बाजूला ठेवू.

मधल्या काळात आपल्या देशानेही या इतिहासात भर घातली. सर्पगंधेची मुळी वैद्य आणि हकीम वेडावर, निद्रानाशावर पिढ्यान्‌पिढ्या देत होते. युनानीत तिला असरोल म्हणतात. १९३१ मध्ये दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी त्या मुळीतून काही द्रव्ये वेगळी काढली आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ 'अजमलिन' नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर मुळीचा उपयोग होतो असे लिहिले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचे आपले अनुभव १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात छापले आणि साऱ्या जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्यातून रिसर्पिन काढले. आज सर्रास वापरला जाणारा 'ट्रँक्विलायझर' हा शब्द औषधांच्या दुनियेत रुजला तो १९५३ पासून, याच रिसर्पिनच्या निमित्ताने. म्हणजे शब्द आला तो आपल्या मातीतल्या मुळीचा हात धरून. पण रिसर्पिननेही माणसे सुस्त होत, काहींचे मन खचून जाई.

आता पन्नाशीच्या दशकातली अमेरिका. मूळचे झेकोस्लोव्हाकियाचे फ्रँक बर्जर यांनी इंग्लंडमध्ये असताना एक रसायन उंदरांना टोचले होते. उंदरांचे अंग सैल पडले, पण ते शुद्धीवर होते. या निरीक्षणाचा पाठपुरावा करत ते अमेरिकेत मेप्रोबामेटपर्यंत पोहोचले आणि १९५५ मध्ये 'मिलटाउन' ही गोळी बाजारात आली. तिने धुमाकूळ घातला. औषधांच्या दुकानांवर 'मिलटाउन संपली आहे' अशा पाट्या लागल्या. पुढे कळले की हिनेही झापड येते आणि सवयही लागते.

त्याच सुमाराला न्यू जर्सीत हॉफमन-ला रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत लिओ स्टर्नबाख काम करत होते. त्यांनी तयार केलेले एक रसायन कपाटात पडून होते. १९५७ मध्ये आवराआवर करताना एका सहकाऱ्याला ते सापडले. टाकून देण्याऐवजी तपासायला पाठवले. माकडांवर प्रयोग झाले तेव्हा दिसले की अंगावर धावून येणारी माकडे निवली, पण पेंगली नाहीत. १९६० मध्ये ते 'लिब्रियम' नावाने आले आणि १९६३ मध्ये त्याचा धाकटा भाऊ 'व्हॅलियम'. ही बेन्झोडायाझेपिन कुळातली औषधे. व्हॅलियमचा खप इतका वाढला की १९७८ या एका वर्षात अमेरिकेत तिच्या दोनशे कोटींहून अधिक गोळ्या विकल्या गेल्या.

इथे क्षणभर थांबून मागे पाहा. बर्जरचे उंदीर शुद्धीवर होते. स्टर्नबाखच्या औषधाने माकडे जागी होती. प्रत्येक वेळी आशा तीच होती, की शांत करील पण झोपवणार नाही. प्रत्येक वेळी औषध माणसांच्या घरात पोहोचले आणि झोप मागल्या दाराने आत आली.

ही झोप कुणाला महाग पडते, ते मी जवळून पाहिले आहे. आमच्या मोहल्ल्यात एक चाचा होते. यंत्रमागावर रात्रपाळी करत. थोरल्या मुलीचे लग्न मोडले तेव्हापासून त्यांना घबराहट सुरू झाली. छातीत धडधड, हाताला घाम, माग सुरू करायला गेले की श्वास अडकल्यासारखा व्हायचा. कुणीतरी गोळ्या लिहून दिल्या. धडधड थांबली. पण मागासमोर उभे राहून डुलक्या येऊ लागल्या. तुटलेले सूत वेळेवर दिसेना, कापडात दोष पडू लागले. धोटा फिरतो तिथे डुलकी येणे म्हणजे काय, ते माग चालवणाऱ्यालाच विचारा. मालकाने त्यांना मागावरून काढून गाठी उचलायला लावले, पगार निम्म्यावर आला. चाचांनी चिडून एके दिवशी गोळ्या एकदम बंद केल्या. मग आठवडाभर त्यांचे जे हाल झाले, ते मूळच्या आजारात कधी झाले नव्हते. हात थरथरत, झोप नाही, आवाज झाला की दचकत. सगळ्यांना वाटले, आजार उलटला. खरे तर तो गोळी अचानक सोडल्याचा त्रास होता. तो होणार हे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

या त्रासाची नोंद नीट व्हायला पश्चिमेकडेही वीस वर्षे लागली. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला प्राध्यापिका हेदर ॲश्टन यांनी १९८२ पासून बारा वर्षे अशा गोळ्यांची सवय सोडवणारे केंद्र चालवले. गोळी एकदम न सोडता हळूहळू, महिनोन्‌महिने कमी करत न्यावी, ही रीत त्यांनी घालून दिली. १९८८ मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने डॉक्टरांना बजावले, की चिंतेसाठी ही औषधे दोन ते चार आठवड्यांहून अधिक देऊ नयेत. तोवर कित्येक लोक ती दहा-पंधरा वर्षे घेत आले होते.

मग शांती आणि झोप यांची ताटातूट का होत नव्हती? मेंदूत गाबा नावाचे एक द्रव्य आहे. मज्जापेशींच्या धावपळीला ते आवर घालते. बेन्झोडायाझेपिन त्या गाबाचा हात बळकट करते. पण गाबा मेंदूत जिकडेतिकडे आहे. भीतीच्या केंद्रात आहे, झोपेच्या यंत्रणेत आहे, स्मरणात आहे, शरीराचा तोल सांभाळणाऱ्या भागातही आहे. गोळी पोटात गेली की सगळ्याच दिव्यांची वात एकदम खाली येते. १९९९ आणि २००० या दोन वर्षांत झुरिचच्या शास्त्रज्ञांनी फार सुंदर प्रयोग केले. गाबाचे कुलूप एकाच घडणीचे नसते, त्याचे प्रकार असतात. उंदरांमध्ये त्यांतला एक प्रकार बदलला, तर व्हॅलियमचे द्रव्य देऊनही त्यांना गुंगी येईना, भीती मात्र कमी होई. दुसरा प्रकार बदलला, तर भीती कमी होईना. म्हणजे दोन दारे खरोखरच वेगळी आहेत. भाषेला जे ठाऊक होते, त्याला प्रयोगशाळेची साक्ष मिळाली.

आता फिशरच्या माळेचा धागा उचलू. १९५३ मध्ये अमेरिकेच्या व्हिन्सेंट दु व्हिन्यो यांनी ऑक्सिटोसिन हे नऊ मण्यांचे संप्रेरक हुबेहूब घडवले. १९६३ मध्ये ब्रूस मेरिफिल्ड यांनी एक युक्ती काढली. माळेचे एक टोक प्लॅस्टिकच्या बारीक गोळ्यांना चिकटवायचे आणि मग एकेक मणी ओवत जायचे. पूर्वी महिने लागत त्या कामाला आता दिवस पुरू लागले. त्यांनी पहिली माळ दाखवली ती चार मण्यांची होती. या युक्तीला पुढे १९८४ मध्ये नोबेल मिळाले.

माळा घडवता येऊ लागल्या, तसे त्यांचे गुणही कळू लागले. हॉलंडमध्ये उट्रेख्टचे डेव्हिड द व्हीड यांनी दाखवले की मेंदूतल्या ग्रंथीच्या एसीटीएच या संप्रेरकाचा छोटा तुकडा तोडून घेतला, तर त्याचे संप्रेरकाचे काम संपते, पण उंदरांच्या शिकण्यावर, लक्षात ठेवण्यावर त्याचा परिणाम उरतो. १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमध्ये जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांना मेंदूत पाच मण्यांच्या दोन माळा सापडल्या. त्यांचे नाव एनकेफेलिन. अफू ज्या कुलपाला लागते, त्याच कुलपाची ही शरीराची स्वतःची किल्ली. याच्या उलटही एक माळ आहे. आतड्यातल्या एका संप्रेरकाचे शेवटचे चार मणी शिरेतून टोचले, तर धडधाकट माणसालाही काही मिनिटे प्रचंड भीतीचा झटका येतो. कॅनडात १९९० च्या सुमारास हे प्रयोग झाले. चार मणी माणसाला गर्भगळीत करू शकत असतील, तर दुसरे चार मणी त्याला निवांत का करणार नाहीत?

असे दुसरे चार मणी अगदी वेगळ्याच जागी सापडले. १९७० मध्ये बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात व्हिक्टर नज्जार आणि केंजी निशिओका रोगप्रतिकाराचा अभ्यास करत होते. आपल्या रक्तात जंतूंशी लढणारी प्रतिपिंडे असतात. त्यांच्या लांब माळेतून पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, चार मण्यांचा एक तुकडा सुटा होतो. थ्रिओनिन, लायसिन, प्रोलिन, आर्जिनिन. हा तुकडा पांढऱ्या पेशींना जंतू गिळायला उठवतो. विद्यापीठाच्या नावावरून त्याला 'टफ्ट्सिन' म्हटले. जंतूंशी लढणाऱ्या या शिपायाचा मनाशी काय संबंध? पण जनावरांना तो टोचला तर त्यांचे वागणेही बदलते, असे हळूहळू दिसू लागले.

ही गोष्ट मनावर घेतली ती मॉस्कोतल्या शास्त्रज्ञांनी. त्यांच्याकडे या शोधाला एक पार्श्वभूमी होती. सोव्हिएत वैद्यकात 'दिवसाचे शामक' असा एक शब्दच रूढ होता. कामगार पाळीवर उभा राहिला पाहिजे, यंत्रासमोर त्याला झोप येता कामा नये, तरी त्याची धास्ती जायला हवी, ही गरज त्या शब्दात होती. एकीकडे त्यांच्याकडे फेनाझेपाम हे जोरकस औषध होते, त्याने चांगलीच झापड येई. दुसरीकडे मेडाझेपामसारखी सौम्य औषधे 'दिवसाची' म्हणून दिली जात. तीही शेवटी बेन्झोडायाझेपिनच.

मॉस्कोची आण्विक आनुवंशिकी संस्था १९७८ मध्ये कुर्चातोव्ह अणुऊर्जा संस्थेच्या एका विभागातून वेगळी झाली होती. तिथे निकोलाय म्यासोयेदोव्ह यांचा गट होता. किरणोत्सारी हायड्रोजनची खूण बांधून एखादा रेणू शरीरात कुठे जातो ते शोधणे, हे त्यांचे खास कौशल्य. मॉस्को विद्यापीठात इगोर अश्मारिन हे पेप्टाइडांचे जाणकार होते. या मंडळींपुढे मोठी अडचण होती ती वेळेची. शरीरात नैसर्गिक पेप्टाइड काही मिनिटांत तुटते. विकरे, म्हणजे एन्झाइम, कात्री घेऊन बसलेलीच असतात. त्यावर उपाय निघाला तो शेपटाचा. प्रोलिन, ग्लायसिन, प्रोलिन असे तीन मणी माळेच्या टोकाला जोडायचे. प्रोलिनचा आकार वळलेला असतो, त्याच्यावर कात्री सहज चालत नाही. द व्हीड यांनी अभ्यासलेल्या एसीटीएचच्या तुकड्याला हे शेपूट लावून त्यांनी आधी सेमॅक्स तयार केले. पक्षाघातानंतर मेंदू सावरावा म्हणून रशियात ते वापरात आले. मग तेच शेपूट टफ्ट्सिनच्या चार मण्यांना लावले. सात मण्यांची ही नवी माळ म्हणजे सेलांक. तिच्या औषधी गुणांची तपासणी मॉस्कोच्याच झाकुसोव्ह औषधशास्त्र संस्थेच्या साथीने झाली.

हे काम ज्या वर्षांत पुढे गेले, ती वर्षे लक्षात घ्या. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला. संशोधनसंस्थांचा पैसा आटला. अनेक शास्त्रज्ञ देश सोडून गेले. साऱ्या देशालाच घबराहट झाली होती म्हणा ना. अशा दिवसांत काही माणसे भीतीवरचे औषध नेटाने तपासत बसली, याचे मला कवी म्हणून नवल वाटते.

सेलांक नाकातून का द्यायचे? कारण पेप्टाइड पोटात गेले की पचते. मधुमेहाच्या रुग्णांना इन्सुलिन टोचून घ्यावे लागते ते याचमुळे. 'पेप्टाइड' या शब्दाच्या मुळाशीच पचनाचा अर्थ आहे. नाकाच्या आतली त्वचा पातळ असते, तिच्यातून औषध लवकर शोषले जाते आणि वासाच्या नसांची वाट मेंदूपर्यंत जाते. म्हणून सेलांकचे ०.१५ टक्के द्रावण करून त्याचे थेंब नाकात घालतात. २००९ मध्ये रशियात ते औषध म्हणून नोंदले गेले.

ते शरीरात करते काय? एक अंदाज असा, की एनकेफेलिनला तोडणाऱ्या विकरांना ते रोखते. म्हणजे बाहेरून अफू न आणता घरातलीच शिल्लक जरा जास्त काळ टिकवते. गाबाच्या कामावरही त्याचा परिणाम होतो, असे प्रयोगांत दिसले आहे. त्याचे संपूर्ण गणित अजून सुटलेले नाही.

आणि माणसांवर? २००८ मध्ये रशियातल्या मानसोपचाराच्या नियतकालिकात एक चाचणी छापून आली. सततच्या चिंतेचा विकार आणि मनाचा थकवा असलेल्या ६२ रुग्णांपैकी ३० जणांना सेलांक आणि ३२ जणांना मेडाझेपाम दिले. चिंता कमी करण्यात दोन्ही औषधे जवळपास सारखी उतरली. सेलांक घेणाऱ्यांचा थकवाही कमी झाला, त्यांना तरतरी वाटली. 'दिवसाचे शामक' म्हणून मान असलेल्या औषधाशीच ही तुलना होती, म्हणून तिला महत्त्व आहे.

पण ६२ ही संख्या किती? आमच्या गल्लीतल्या एका लग्नाच्या पंगतीत याहून जास्त माणसे बसतात. सेलांकवरचे बहुतेक काम रशियातच झाले, तेही ते औषध घडवणाऱ्या वर्तुळाच्या आसपास. हजारो रुग्णांवरच्या, वर्षानुवर्षे चाललेल्या, दूरच्या आणि परक्या हातांनी केलेल्या चाचण्या झालेल्या नाहीत. अमेरिकेच्या आणि युरोपच्या औषध-नियामकांनी त्याला मान्यता दिलेली नाही. तरीही 'फक्त संशोधनासाठी' अशी चिठ्ठी लावलेल्या कुप्या इंटरनेटवरून विकल्या जातात आणि लोक त्या स्वतःच्या जबाबदारीवर घेतात. कुपीत नेमके काय आहे, किती शुद्ध आहे, याची हमी कुणी द्यायची?

म्हणूनच मागचा सगळा इतिहास मी इतक्या तपशिलाने सांगितला. ब्रोमाइड आले तेव्हा ते वरदान वाटले. व्हेरोनाल ब्रोमाइडहून बरे म्हणून आले. मिलटाउन बार्बिट्युरेटहून निर्धोक म्हणून आले, लिब्रियम मिलटाउनहून चांगले म्हणून आले. यांतले प्रत्येक औषध आधीच्याहून काही बाबतींत खरोखर चांगले होते. खोटे कुणी बोलत नव्हते. फक्त सवय लागायला किती दिवस लागतात, हे कळायला तितके दिवस जावे लागतात. १९८६ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले बुस्पिरोन पेप्टाइड नव्हे, पण त्याने फारशी गुंगी येत नाही. मात्र गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून अधीर माणसांना ते आवडले नाही. आपल्याला शांती हवी असते ती आज रात्रीच हवी असते. त्या घाईचाही या इतिहासात वाटा आहे.

सेलांक उद्या मोठ्या चाचण्यांत खरे उतरेल किंवा मागे पडेल. माझ्या दृष्टीने त्याचे मोल त्याने विचारलेल्या प्रश्नात आहे. भीती घालवण्यासाठी माणसाचे जागेपण गहाण टाकावे लागते का? ज्याच्याकडे गाडी आणि चालक आहे, सकाळी दहापर्यंत झोपायची सोय आहे, त्याला हा प्रश्न फारसा टोचत नाही. माग चालवणाऱ्याला, एसटी हाकणाऱ्याला, रात्री तान्ह्या बाळासाठी उठणाऱ्या आईला तो टोचतो. गुंगीची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही.

चिंतेचा विकार हा आजार आहे. त्याला औषध लागले तर घ्यावे, त्यात कमीपणा नाही. आज मिळणाऱ्या औषधांत अशीही आहेत की ज्यांनी फारशी झोप येत नाही, आणि बोलून करायचे उपचारही आहेत. ज्यांच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी हे वाचून त्या आपल्या मनाने बंद करू नयेत, हे कळकळीने सांगतो. मात्र डॉक्टरांसमोर बसलात की तीन गोष्टी जरूर विचारा. या गोळीने कामाच्या वेळी झापड येईल का? ती किती दिवस घ्यायची? आणि थांबवायची वेळ आली की कशी थांबवायची? हे विचारण्यात उद्धटपणा नाही. आमच्या चाचांनी हे विचारले नव्हते, कारण विचारता येते हेच त्यांना ठाऊक नव्हते.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)